टिटवीची अंडी नांगराच्या वाटेत आली तर

बेळगावजवळच्या येळ्ळूर भागातल्या एका शेतकरी बंधूंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. राजहंसगडाच्या खालच्या अंगाला त्यांचं पाऊण एकर रान आहे. मसूर काढल्यापासून ते मोकळं पडलंय. गेल्या रविवारी बांधापासून आठ-दहा पावलांवर टिटवीची दोन अंडी दिसली, काल गुरुवारी पाहिलं तर चार झाली होती. वळीव चांगला झालाय, पुढच्या आठवड्यात ट्रॅक्टर सांगितलाय, रोटर (ट्रॅक्टरचं माती भुसभुशीत करणारं अवजार) मारून मेअखेर भाताची धूळवाफ पेरणी, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत पेरणी, करायची आहे. अंडी उचलून बांधावर ठेवली तर टिटवी तिथं उबवेल का? आई म्हणतात, माणसाचा हात लागला की पक्षी अंडी टाकतो, आणि पाप लागतं ते वेगळंच. शेजारी म्हणतात, चार अंडी म्हणजे चार महिने पाऊस. यात खरं किती?

मी गेली २२ वर्षं जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांच्या विणीचा अभ्यास करते. बेळगाव आणि खानापूर तालुक्यातली शिवारं आणि जांबोटीकडचे माळ हेच माझं कामाचं ठिकाण. त्यामुळे हा प्रश्न दरवर्षी मे महिन्यात कुणी ना कुणी विचारतंच. तुम्ही ट्रॅक्टर घालण्याच्या आधी विचारलंत, याचं मला मनापासून बरं वाटलं. बहुतेक वेळा लोक नंतर सांगतात.

आधी सरळ उत्तर देते: अंडी उचलून बांधावर ठेवू नका. टिटवी बांधावर जाणार नाही. ती परत येईल ती जिथं अंडी होती त्या जागी, आणि रिकाम्या खळगीवर बसेल. किणयेच्या बाजूला एकदा एका शेतकऱ्यानं चांगल्या भावनेनं असंच केलं होतं. चार अंडी ओंजळीत घेऊन वीसेक पावलांवरच्या बांधावर गवतात नीट ठेवली. मी पोचले तेव्हा पक्षी जुन्या खळगीत बसला होता, खाली काहीच नाही. मधूनच उठायचा, चोचीनं एखादा खडा सारखा करायचा, पुन्हा पोट टेकवून बसायचा. बांधावरची अंडी तिथून त्याला दिसत असणार, पण त्याच्या लेखी ती त्याची नव्हतीच. संध्याकाळपर्यंत कावळ्यांनी ती संपवली.

म्हणजे खरा प्रश्न अंडी हलवता येतील का एवढाच नाही. पक्षी नेमकं काय ओळखतो, आणि अंड्यांना अजून किती दिवस लागणार आहेत, हे दोन प्रश्न सुटले की तुमच्या रानाचं काय करायचं ते आपोआप ठरतं.

पहिल्याबद्दल पक्षीवर्तनाच्या अभ्यासात जुनं काम आहे. कोनराड लोरेंझ आणि निको टिंबर्गन यांनी रानहंसावर केलेले प्रयोग १९३८ मध्ये प्रसिद्ध झाले. घरट्याच्या काठाबाहेर घरंगळलेलं अंडं हंसी चोचीच्या खालच्या बाजूनं ओढत ओढत परत घरट्यात आणते. अंड्याऐवजी तशाच आकाराची दुसरी वस्तू ठेवली तरी आणते. पुढे १९७३ साली या दोघांना कार्ल फॉन फ्रिश यांच्याबरोबर नोबेल मिळालं. यातून आपल्याला उपयोगी पडणारी गोष्ट एवढीच की अशा पक्ष्याच्या मनात अंड्याची ओळख फार बारकाईची नसते, घरट्याच्या जागेची असते. टिटवीचं घरटं म्हणजे तरी काय? पायानं आणि छातीनं उकरलेली वितीएवढी खळगी, कडेला चार खडे, कधी शेळीच्या किंवा सशाच्या लेंड्या. आपल्याला ती सापडत नाही, पण तिला ती बांध, झाडं, दगड, वाट यांच्या संदर्भानं पक्की माहीत असते. वरून उतरते तीही नेम धरल्यासारखी थेट तिथं उतरत नाही. दहा-पंधरा पावलं लांब उतरते, इकडेतिकडे चरल्यासारखं करते, मग वाकडी चाल करून येऊन बसते.

आता दिवसांचं. तुम्ही रविवार आणि गुरुवार हे दोन्ही वार सांगितलेत म्हणून मला हिशेब करता आला. टिटवी एका दिवशी सगळी अंडी घालत नाही, एकेक करून एक-दोन दिवसांच्या अंतरानं घालते. रविवारी दोन आणि गुरुवारी चार, म्हणजे विण नुकतीच पुरी झाली आहे. तीन किंवा चार हाच तिचा नेम, पाचवं सहसा येत नाही. शेवटचं अंडं आल्यावरच खरी उबवणी सुरू होते. त्याआधी ती वर उभी राहते, सावली धरते, राखण करते, पण ऊब देत नाही. म्हणूनच आधीचं आणि शेवटचं अंडं जवळजवळ एकाच वेळी फुटतं. तिथून पुढं २८ ते ३० दिवस. आज मेचा मध्य, म्हणजे पिल्लं जूनच्या दुसऱ्या आठवड्याअखेरीस, १२ ते १५ तारखेच्या आसपास बाहेर येतील.

म्हणजे ट्रॅक्टर आधी आणि पिल्लं नंतर, हे उघड आहे. विण तीन आठवड्यांपूर्वी पुरी झाली असती तर मी म्हटलं असतं, थोडं थांबा, आठवड्यात रान मोकळं होईल. तुमच्या बाबतीत तसं सांगता येत नाही. धूळवाफ पेरणी पंधरा दिवस पुढं ढकलणं म्हणजे काय हे मला कळतं. पहिला मोठा पाऊस पेरणीआधी पडला की काळ्या चिकट रानात कुरी (पेरणीचं अवजार) चालत नाही, मग रोप लावणीशिवाय गत्यंतर नाही आणि मजुरीचा खर्च वेगळा.

ज्यांना एकदम चार अंडी सापडतात, त्यांना हा हिशेब करता येत नाही. अभ्यासात आम्ही अंडं अलगद कोमट पाण्यात सोडून बघतो. ताजं असेल तर तळाशी आडवं पडतं, दिवस जातात तसं बोथट टोक वर करून उभं राहतं आणि शेवटी शेवटी तरंगतं, कारण आतली हवेची पोकळी वाढत जाते. पण हे वनखात्याची परवानगी घेऊन, सावलीत, अर्ध्या मिनिटात उरकायचं काम आहे. तुम्ही करू नका. तुमच्याकडे तारखा आहेत, तुम्हाला त्याची गरजही नाही.

कायद्याचंही सांगून ठेवते, भीती घालण्यासाठी नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये शिकारीच्या व्याख्येतच जंगली पक्ष्यांची अंडी फोडणं आणि अंड्यांना किंवा घरट्याला उपद्रव देणं हे धरलेलं आहे. तेव्हा अंड्यांना हात लावण्याची वेळ आलीच तर आधी जवळच्या वनक्षेत्र कार्यालयात सांगा.

माझा सल्ला असा: अंडी जागेवर ठेवा आणि त्यांच्याभोवती नांगरायचं राहू द्या. पण मधोमध गोल बेट सोडू नका. घरट्यापासून बांधापर्यंत सलग पट्टा सोडा. पुष्कळ लोक दया म्हणून अंड्यांभोवती हात-दोन हात जागा सोडतात आणि बाकी सगळं उलथतात. मग काळ्याभोर ढेकळांत एक फिकट ठिपका उरतो आणि त्या ठिपक्यात मधोमध पक्षी. आकाशातून घारीला आणि झाडावरून कावळ्याला यापेक्षा सोपी खूण दुसरी नाही. टिटवीची सगळी राखण तिच्या अंड्यांच्या रंगावर आहे. मातकट पिवळसर अंडं, त्यावर काळे-तपकिरी डाग, तुमच्या पायाखाली असलं तरी दिसत नाही. आजूबाजूची माती तशीच राहिली तरच तो रंग कामाचा. पट्टा बांधाला जोडलेला असेल तर तो बांधाचाच भाग वाटतो. शिवाय पिल्लं निघाल्यावर त्यांना ढेकळांच्या डोंगरांतून न जाता चालत बांधाला जाता येतं.

किती जागा? घरट्याच्या दोन्ही अंगांना तीन-तीन मीटर आणि पुढं तीन मीटर मी कमीत कमी धरते. तुमची अंडी बांधापासून आठ-दहा पावलांवर, म्हणजे सहा-सात मीटर. तेव्हा पट्टा साधारण सहा मीटर रुंद आणि दहा मीटर लांब, ६० चौरस मीटर. गुंठा सुमारे १०१ चौरस मीटरचा, म्हणजे अर्ध्या गुंठ्याहून थोडी जास्त जागा. पाऊण एकराचे तीस गुंठे, त्यातली ही जागा. आणि ती वायाही जात नाही. पिल्लं निघून गेल्यावर जूनच्या मध्यावर तेवढा पट्टा कुदळीनं किंवा पॉवर टिलरनं करून घ्या आणि पेरणीतल्या दाट ठिकाणची रोपं काढून तिथं लावा. नाहीतरी नांग्या, म्हणजे न उगवलेल्या रिकाम्या जागा, भरायला तुम्ही रोपं काढणारच.

आता नांगरटीच्या दिवसाबद्दल. याच ठिकाणी सगळं बिघडतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. लोकांना वाटतं धोका चाकाचा आहे. चाक चुकवता येतं. खरा धोका चाकामागून येणाऱ्यांचा. ट्रॅक्टर फिरू लागला की हुमणी, गांडुळं, किडे वर येतात, आणि पाच मिनिटांत बगळे, कावळे, साळुंख्या, वर घारी गोळा होतात. टिटवी इंजिनाला भिऊन उठलेली असते, पुन्हा बसू शकत नाही, आणि कावळा चार पावलांवर चालत असतो. तिच्यासमोर अंडी जातात. कुत्रा, मुंगूस किंवा एकटा कावळा आला तर ही जोडी त्यांच्यावर झेपावते, पंख आपटते, लंगडं सोंग घेऊन दुसरीकडे ओढून नेते. गाई-म्हशी घरट्याजवळ आल्या तर पंख पसरून समोर उभी राहते आणि त्या खरोखर बाजूला वळतात. रोटरपुढं यातलं काहीच चालत नाही.

म्हणून पट्ट्याच्या कडेचे फेरे आधी संपवा, एका दमात, दहा-पंधरा मिनिटांत, आणि मग ट्रॅक्टर रानाच्या लांबच्या टोकाला न्या. ती परत येऊन बसली की तुम्ही दिवसभर तिकडे काम केलंत तरी तिची हरकत नसते. कडेचे फेरे सकाळी सात-साडेसातच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर घ्या. तेव्हा तुम्ही स्वतः त्या बाजूला उभे राहा, कावळे उतरू देऊ नका. ट्रॅक्टर भाड्याचा असेल तर चालक तासावर पैसे घेतो, त्याला घाई असते. त्याला फोनवर सांगून भागत नाही, रानात नेऊन पट्टा दाखवा.

वेळेवर मी एवढा भर का देते, ते एका दुपारीनं मला शिकवलं. मच्छेच्या पुढं एका पडीक रानात मी बाभळीखाली दुर्बीण घेऊन बसले होते. मेचा तिसरा आठवडा, ऊन मी म्हणत होतं. खळगीवरचा पक्षी बसलेला नव्हता. तो गुडघे अर्धे वाकवून अंड्यांवर उभा होता, पाठ सूर्याकडं, पंख किंचित सैल, चोच उघडी, गळा लकलक हलत होता. त्याची सावली बरोबर चार अंड्यांवर पडत होती, आणि सूर्य सरकेल तसा तोही थोडा थोडा फिरत होता. बारा वाजून गेल्यावर जोडीदार आला. नर-मादी दिसायला सारखे, त्यामुळं कोण कोण ते मला सांगता आलं नाही, पण भर उन्हातली पाळी बरेचदा नराची असते अशी नोंद आहे. हा आलेला पक्षी पाटाच्या पाण्यात पोट बुडवून आला होता. पोटाची पांढरी पिसं ओली होऊन काळपट झालेली, त्यांतून थेंब गळत होते. पहिला उठला, हा लगेच वर आला आणि ओलं पोट अंड्यांना लावून बसला. दोघांच्या अदलाबदलीत अंडी उघडी पडली ती मोजून चार-पाच सेकंद.

ही उबवणी नाही, थंडावा देणं आहे. मे महिन्यातल्या दुपारी अंड्याला उबेची ददात नसते, भीती उन्हाची असते. अंड्याचं तापमान ४० अंशांच्या वर बराच वेळ राहिलं तर आतला जीव मरतो, आणि उघडी माती भर दुपारी त्याच्या कितीतरी पुढं तापते. उलट अंडं थोडा वेळ गार पडलं तर वाढ मंदावते, पण सहसा मरत नाही. म्हणून सकाळी अर्धा तास पक्षी उठला तर चालतं, दुपारी एक वाजता मोबाइलवर फोटो काढण्यासाठी दहा मिनिटं तुम्ही तिथं उभे राहिलात तर कदाचित चारही जातात. तुम्हाला बाहेरून काहीच दिसत नाही. पक्षी परत येऊन बसतो, महिनाभर बसतो, आणि अंडी फुटत नाहीत.

फोटोवरून आठवलं, कुठल्याही ग्रुपवर जागेसकट फोटो टाकू नका. रविवारी सकाळी शहरातून चार गाड्या येतात आणि पक्ष्याला उठवून जातात.

खुणेच्या बाबतीत माझ्या हातून झालेली चूक सांगते, कारण तुम्हीही तेच करण्याची शक्यता आहे. सुरुवातीच्या वर्षांत मी घरटं पुन्हा सापडावं म्हणून अंड्यांच्या अगदी बाजूला लाल फडकं बांधलेली काठी रोवायची. तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरटी रिकामी व्हायला लागली. मला वाटलं मुंगूस. मग एका सकाळी लांबून पाहिलं तर एक कावळा काठीवर येऊन बसला, खाली पाहिलं आणि उतरला. त्या शिवारात मी सात ठिकाणी काठ्या लावल्या होत्या. त्यातल्या पाच घरट्यांचं नुकसान माझ्या काठ्यांनी केलं, असं मी अजून मानते. हॉलंडमध्ये शेतकरी आणि स्वयंसेवक कुरणातल्या टिटव्यांची घरटी काठ्यांनी खुणावून यंत्रं बाजूनं नेतात, तीच पद्धत मी वाचून आणली होती, पण अंतराचा विचार केला नव्हता. आता मी पट्ट्याच्या चार कोपऱ्यांवर चुन्यानं रंगवलेले सपाट दगड ठेवते. घरट्यापासून लांब, आणि कावळ्याला बसायला उंची नसलेले. ट्रॅक्टरवाल्याला तेवढं पुरतं.

घरट्याकडं रोज जाऊ नका. आठवड्यातून एकदा, बांधावरूनच, पक्षी बसलाय का एवढं बघा. सरळ चालत जाऊन परत त्याच वाटेनं आलात तर तुमच्या पावलांच्या मागं कुत्रा किंवा मुंगूस थेट घरट्याशी पोचतं. आणि शेतावर पाळलेलं कुत्रं असेल तर हा एक महिना त्याला रात्री सोडू नका. एवढी एकच गोष्ट केलीत तरी अर्धं काम होतं.

हात लागला की पक्षी अंडी टाकतो हे तुमच्या आईंचं म्हणणं तंतोतंत बरोबर नाही. पक्षी माणसाच्या वासानं अंडी टाकत नाहीत. मी परवानगी घेऊन मोजमापासाठी कितीतरी अंडी हातात घेतली आहेत आणि पक्षी परत येऊन बसले आहेत. टाकतात ते वारंवार उठवल्यामुळं किंवा जागा बदलल्यामुळं. पण हात लावू नये हा त्यांचा निष्कर्ष शंभर टक्के बरोबर आहे, आणि त्यांनी तो तुम्हाला वेळेवर सांगितला.

आता पट्टा सोडणं खरंच शक्य नसेल तर? समजा रान भागीत आहे आणि दुसऱ्याला मान्य नाही, किंवा घरटं बरोबर पाइपलाइनच्या चरीत आलंय. अशा वेळी अंडी टप्प्याटप्प्यानं सरकवण्याचा उपाय आहे, आणि तो टिटवीच्या बाबतीत यशस्वी झाल्याच्या नोंदी आहेत. वनखात्याची परवानगी घेऊन, संध्याकाळी, जुन्या खळगीपासून हातभर अंतरावर तेवढीच खळगी करायची, तेच खडे तशाच पद्धतीनं मांडायचे, अंडी टोकं आत करून ठेवायची आणि जुनी खळगी बुजवून टाकायची. मग लांब जाऊन बघायचं. पक्षी नव्या जागी बसला, एक पूर्ण दिवस बसला, तरच पुढचा हातभर. बसला नाही तर अंधार पडायच्या आत अंडी होती तिथं परत. आता तुमचाच हिशेब घ्या: बांध सहा-सात मीटरवर, टप्पा जेमतेम अर्ध्या मीटरचा, रोज एकच. बारा-चौदा दिवस लागतील, आणि तुमचा ट्रॅक्टर पुढच्या आठवड्यात. म्हणून तुमच्यासाठी मी पट्टाच सांगते.

पावसाच्या पाण्याचं मात्र आधीच बघून ठेवा. येळ्ळूर, वडगाव, शहापूरच्या खालच्या रानांत बळ्ळारी नाल्याचं पाणी चढलं की काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. तुमचं रान गडाच्या पायथ्याला असल्यामुळं तेवढी भीती नाही, पण उताराचं पाणी येतच असणार. जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातला एखादा जोराचा पाऊस खळगी भरून टाकू शकतो, आणि नेमकं तेव्हा पिल्लं अंड्याच्या आत पूर्ण वाढलेली असतात. पट्ट्याच्या वरच्या अंगाला, घरट्यापासून निदान तीन मीटर लांब, कुदळीनं वीतभर खोल चर काढा आणि पाणी बाजूला वळवा. अर्ध्या तासाचं काम आहे, तेही सकाळीच करा.

आणि चार अंडी, चार महिने पाऊस? हे मी लहानपणापासून ऐकलंय. अंडी उंचवट्यावर दिसली की यंदा पाऊस मोठा, खोलगटात दिसली की कमी, हेही ऐकलंय. पावसाची वाट बघणारा माणूस शिवारातल्या प्रत्येक गोष्टीकडं बारकाईनं बघतो, त्या बघण्याचा मला आदर आहे. पण चार हा आकडा पावसाचा नाही, टिटवीच्या कुळाचा आहे. युरोपातली टिटवीसुद्धा चारच घालते, आणि तिथं आपल्यासारखा पावसाळा नसतो. या अंड्यांचा आकार भोवऱ्यासारखा, एका टोकाला निमुळता. चारही टोकं मध्ये आली की ती खळगीत एकमेकांना चिकटून बसतात आणि एका पोटाखाली बरोबर मावतात. तुम्ही बघितलीत तेव्हा ती फुलासारखी मांडलेली दिसली असतील. आणि उंच-सखलाचं म्हणाल तर तिला आधी हवी असते चारी बाजूंनी नजर जाईल अशी उघडी जागा. ती बांधावर मिळाली तर बांध, मोकळ्या रानात मिळाली तर रान, शहरात तर घराच्या स्लॅबवर. रेल्वेच्या रुळांमधल्या खडीतसुद्धा अंडी घातल्याच्या नोंदी आहेत. दरवर्षी कितीतरी खळग्या पहिल्याच पावसात बुडतात, पाऊस आधी कळला असता तर तसं झालं नसतं. अंडी गेली तर ही जोडी थोड्या दिवसांनी पुन्हा घालते, ऑगस्टपर्यंतसुद्धा. टिटवीदेखील समुद्र आटविते ही म्हण मला तिच्या या चिकाटीवरून नेहमी आठवते.

रात्री ओरडली की अपशकुन मानतात, त्याबद्दलही एक वाक्य. तुमच्या रानात या महिन्यात ती रात्री ओरडली तर उठून बॅटरी मारा, कारण जवळ बहुधा कुत्रा, कोल्हा, रानडुक्कर नाहीतर साप आहे.

पिल्लं निघायच्या दोन-तीन दिवस आधी अंड्यांवर बारीक चांदणीसारख्या भेगा दिसू लागतात आणि आतून चिवचिव ऐकू येते. त्या काळात पक्षी फार आक्रमक होतो, अगदी डोक्यावरून झेप घेतो. तेव्हा अजिबात जाऊ नका. पिल्लं कोंबडीच्या पिल्लांसारखी अंगावर लव घेऊनच बाहेर येतात आणि एका दिवसात चालू लागतात. आई-बाप भरवत नाहीत, फक्त वाट दाखवतात, पोटाखाली घेतात आणि राखण करतात. फुटलेली कवचं चोचीत धरून लांब नेऊन टाकतात, कारण कवचाची आतली पांढरी बाजू उन्हात चमकते.

त्यामुळं जूनच्या मध्यावर एक दिवस तुम्हाला खळगी रिकामी दिसेल. घाबरू नका आणि आनंदही लगेच करू नका, वाकून बघा. खड्यांमध्ये टाचणीच्या डोक्याएवढे कवचाचे बारीक तुकडे आणि कोरडी पांढरी पापुद्री सापडली तर पिल्लं सुखरूप निघाली. बलकाचा चिकट डाग असेल, खडे विस्कटलेले असतील, किंवा काहीच नसेल, तर कुणीतरी नेलीत.

निघाली असतील तर ती तुमच्याच आसपासच्या रानात महिनाभराहून जास्त काळ पायी फिरणार, उडता येईपर्यंत. पहिली कोळपणी आणि भांगलण याच काळात येते. भांगलणीला येणाऱ्या बायकांना आधीच सांगून ठेवा की वर टिटव्या ओरडत असतील तर पाय जपून टाका. आईनं विशिष्ट आवाज दिला की पिल्लू आहे तिथं जमिनीला चिकटून पडतं आणि हाताएवढ्या अंतरावरूनही मातीचं ढेकूळ वाटतं. ते सापडलं तर सोडून दिलेलं नसतं. उचलून घरी आणू नका, कोंबडीखाली ठेवू नका. त्या ओळीतून बाजूला व्हा, दुसऱ्या ओळीत काम करा. दहा-पंधरा मिनिटांत आई हाक देते, ते उठून तिच्याकडं धावत जातं आणि ती ओळ मोकळी होते.

ट्रॅक्टर कोणत्या वारी येणार ते ठरलं की इथंच कळवा. रानाचा उतार कुठल्या दिशेला आहे आणि बांधाच्या पलीकडं काय आहे, ऊस की पडीक, तेही लिहा. पलीकडं ऊस असेल तर पट्टा कुठल्या बाजूला जोडायचा ते थोडं बदलेल. उंच उसात टिटवी पिल्लं नेत नाही.